डब्ब्यानं खोली ऐकली अन् मी गाव पळवलं

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले? पण तुम्ही चहा पाजून राहिले, म्हणजे ऐकल्याशिवाय सोडणार नाही, हे मले माहीत आहे. अन् मी नाही सांगितलं तं गावातला दुसरा कोणी सांगन, अन् तो तिखटमीठ लावून सांगन. त्यापेक्षा माही इज्जत मीच काढतो, म्हणजे जरा बेतानं निघन.

तं पहिले एक गोष्ट मान्य करा. मी भित्रा माणूस आहे. आम्ही ढिवर. माहा बाप भर पावसात डोंग्यावर उभा राहून जाळं फेके. आजा तं तलावात पोहत जाऊन अडकलेलं जाळं दातानं सोडवे. अन् मी? मी मच्छीमार सोसायटीत मासोळी मोजाच्या काट्यावर बसतो. काहून? कारण काटा पाण्यात बुडत नाही.

अन् याच्यात माही चूक नाही हो! माहं घरच अशा जागी आहे. आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडं, मोठ्या तलावाच्या पायथ्याशी. तलाव वर, गाव खाली, मधात मातीची पाळ. गावातलं शेवटचं घर माहं, म्हणजे पाळीकडून पाहिलं तं पहिलं. पाळ गेली तं पहिला नंबर कोणाचा, हे सांगाची गरज नाही.

आज्याच्या जमान्यात ती एकदा गेलीही होती. आज्यानं काश्याची थाळी बडवली, सारं गाव टेकडीवर चढलं अन् एकही माणूस दगावला नाही. ती थाळी अजून आहे. पोरगं झालं तरी ती वाजत नाही, ग्रहण लागलं तरी वाजत नाही. ती वाजली म्हणजे भात चुलीवर असो का पोरगं न्हाणीत असो, उठा अन् टेकडीवरच्या शाळेकडं पळा. पावसाळ्यात तलाव भरला की सोसायटीतले आम्ही बारीबारीनं पाळीवर राखण करतो. ज्याची बारी, त्याच्या हातात थाळी.

आजा मरेस्तोवर मले एकच सांगत राहिला. “पहिले पाणी थरथरते. मंग भांडी बोलतात. मंग पाळ जाते. भांडी बोलली की इचार नोको करू बापू, थाळी वाजव.” हे मी लहानपणी रोज झोपताना ऐकलं. आता सांगा, असं अंगाईगीत ऐकलेला माणूस शूर कसा होईन?

म्हणसान, याच्यात होम थिएटर कुठून आलं? आलं नागपूरहून. माह्या बायकोचा, रेखाचा, भाऊ तिथं राहते. लय शौकीन. त्यानं लहान घर घेतलं अन् जागा नाही म्हणून आपले पाच स्पीकर अन् एक सबवूफर आमच्या घरी आणून टाकले. सबवूफर म्हणजे निव्वळ धमधम काढणारी पेटी. उचलाले दोन माणसं लागली.

“भाऊजी, तुमच्यापाशी आता सारं हाये,” साळा म्हणे. “फक्त एक रिसीव्हर घ्या.”

रिसीव्हर म्हणजे मधातला कारभारी डब्बा. टीव्हीतला आवाज त्याच्यात येते, अन् कोणत्या स्पीकरले काय द्याचं ते तो ठरवते. तो नसला तं स्पीकर म्हणजे लाकडाचं खोकं. रेखानं तं एकावर लोणच्याची बरणी ठेवूनही दिली होती.

पण मले हौस होती ना! टीव्ही मोठा घेतला होता, पण त्याचा आवाज असा, की हिरो मशिनगन चालवे अन् वाटे कोणी मुरमुरे खाऊन राहिला. म्हटलं, घेऊ. लय स्वस्त नोको, लय महाग नोको, मधल्या बजेटातला घेऊ. अन् तिथंच मी फसलो. स्वस्तात निवडाले काही नसते, महागाकडं आपण पाहत नाही. सारी गर्दी मधातच!

मोबाईलवर व्हिडिओ पाहाले बसलो. पहिल्याच व्हिडिओत एक माणूस डोळे वटारून म्हणे, ही चूक केली तं स्पीकर जळतील! दुसरा म्हणे, खोक्यावर छापलेले वॅट खोटे असतात, फसू नका! तिसरा म्हणे, डब्बा कपाटात कोंबला तं तापून पेटन. चौथा म्हणे, कमी ताकदीचा घेतला तं तोही स्पीकर जाळते! अरे बाप्पा! जास्त ताकदीनंही जळते अन् कमीनंही जळते, तं मंग गाणं वाजते कशानं?

मले झोप येईना. एका डब्ब्यापायी माही भूक गेली. रेखा पाहून पाहून वैतागली.

“डब्बा घेऊन राहिले का पोरीचं लगन जमवून राहिले? मले पाहाले आलते तेव्हा तं चहा संपाच्या आत हो म्हटलं होतं तुमी.”

“तेव्हा व्हिडिओ नव्हते,” मी म्हटलं.

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

शेवटी गेलो भंडाऱ्याले. भांड्याच्या दुकानांच्या ओळीत एक इलेक्ट्रॉनिकचं दुकान आहे. दुकानदारानं माहं सारं ऐकून घेतलं. टीव्हीच्या मांगच्या भोकांचा फोटोही मी काढून नेला होता, तो पाहिला. म्हणे, एकाच वायरनं काम होते. मंग त्यानं दोन डब्बे समोर ठेवले.

“हा पाहा भाऊ. ताकद भरपूर. उद्या अजून दोन स्पीकर वाढवले तरी चालते. अन् सारं सेटिंग तुमच्या हातात.”

“सारं?”

“सारं. कोणता स्पीकर किती दूर हाये, कोणाले किती आवाज द्याचा, तुम्हीच टाकाचं.”

मी एक पाऊल मांगं सरकलो. “अन् मी चुकीचं टाकलं तं?”

“तं चुकीचं वाजन.”

“जळणार नाही ना?”

“कायले जळते जी?”

“व्हिडिओत सांगितलं.”

दुकानदारानं एक उसासा सोडला अन् पहिला डब्बा मांगं सरकवला. “मंग तुम्ही हा दुसरा घ्या. ताकद थोडी कमी, पण तुमच्या खोलीले पुरून उरते. अन् याच्यासोबत माईक येते.”

“गाणं म्हणाले?”

“नाही जी! तुम्ही जिथं बसता तिथं हा माईक ठेवाचा अन् बटन दाबाचं. डब्बा एकेका स्पीकरातून आवाज सोडते अन् माईकनं स्वतःच ऐकते. खोली केवढी, स्पीकर कुठं, सारं मोजून स्वतःच सेटिंग करून घेते. तुम्ही काहीच नाही कराचं.”

“काहीच नाही?”

“एकच. त्या वेळेस घरात आवाज नोको. पंखा बंद, कुकर बंद, माणसं बाहीर. तुम्हीही बाहीर.”

“अन् हा सोडते तो आवाज कसा असते?”

“काही नाही हो, टूं टूं करते...” एवढं तो बोलला अन् त्याचा फोन आला. सबवूफरचं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मी डब्बा हातात तोलून पाहिला. भंडाऱ्यात पाणी भराचा पितळेचा गुंड घेताना आपण जसा उचलून पाहतो ना, तसा. चांगला जड होता. अन् मले काय वाटलं सांगू? ज्या कामात आपल्याले काहीच कराचं नाही, त्या कामात आपण चुकणार कसे? इतकी बिनधोक वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. घेतला!

येताना एसटीत डब्बा मांडीवर. खड्डा आला की डब्बा वर धराचा अन् आपण आपटाचं. कंडक्टर म्हणे, काय हाये जी त्याच्यात? मी म्हटलं, नाजूक हाये. बाजूच्या बाईनं आपलं पोरगं जरा दूर सरकवलं.

घरी आणून वायरी जोडल्या. लाल लालात, काळी काळीत. जोडली की तपासाची, तपासली की काढून पुन्हा जोडाची. पण ते माईकचं काम काही जमेना, कारण शांतता! अहो, भादव्यातला पाऊस. टिनावर सारखा तडतड तडतड. पाऊस थांबला की रेखाचा कुकर. कुकर थांबला की शेजारच्या मोठ्या मायची शेळी.

मोठी माय म्हणजे माह्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. म्हातारी आहे, पण काठीबिठी काही लागत नाही. अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज्यानं थाळी वाजवली तेव्हा ती नवी नवरी होती. ती थाळी वाजताना ऐकलेलं गावात आता एकच माणूस उरलं, ते ती.

असा डब्बा पडून राहिला अन् पाळीवरची माही बारी आली. तलाव तुडुंब. सांडव्यावरून पाणी धो धो जाऊन राहिलं होतं. मी पाळीवर छत्री घेऊन, मांडीवर थाळी. दर घटकेले उठून पाळीच्या मातीकडं पाहाचं, कुठं भेग आहे का, कुठं पाणी पाझरते का. जीव मुठीत. पाळीवरची मुंगी हलली तरी मी उठे.

दुपारचा पाऊस एकदम थांबला. खाली पाहतो तं माह्या घराच्या दाराले कडी. रेखा मोठ्या मायकडं तांदूळ निवडाले गेली होती. पाऊस नाही, कुकर नाही, शेळी चराले गेलेली. लग्न झाल्यापासून इतकी शांतता माह्या घरात मी पाहिली नव्हती!

मनात आलं, उतरू का? मंग दुसरं मन म्हणे, राखण सोडून? मंग पहिलं मन म्हणे, घर इथंच तं आहे, चहाले उकळी येते तेवढा वेळ लागन. बटन दाबाचं अन् वर याचं. डब्ब्याचं काम डब्बा करन, आपलं काम आपण करू. थाळी बगलेत मारली अन् उतरलो.

माह्या खुर्चीवर तांदळाचा पिपा ठेवला, पिप्यावर पाट, पाटावर माईक. बरोबर माह्या कानाच्या उंचीनं. पंखा बंद केला. बटन दाबलं. टीव्हीवर इंग्रजीत लिहून आलं की शांत राहा अन् खोलीबाहीर जा. मी पाय न वाजवता निघालो, कडी लावली अन् ओसरीत श्वास धरून उभा राहिलो.

आतून आवाज आला. टूं... टूं... टूं. डावीकडून. मंग मधातून. मंग उजवीकडून. मंग मांगून. अगदी दुकानदारानं सांगितला तसा! मले इतका आनंद झाला, की विचारू नका. काहीच जळालं नाही! मंग आवाज थांबला. जरा वाट पाहिली, काहीच नाही. म्हटलं, झालं. आता पाणी पितो अन् जातो पाळीवर.

पाणी प्याले घरामांगच्या पडवीत गेलो. तिथं पितळी गुंड भरून असते. थाळी खाली ठेवली, वाकलो, झाकण काढलं.

पाणी थरथरून राहिलं होतं.

बारीक बारीक गोल, मधातून काठाकडं. वारा नव्हता. गुंडाले कोणी हात लावला नव्हता. मी पाहतच राहिलो. अन् मंग मले तळपायात समजलं. जमिनीतून काहीतरी वर येऊन राहिलं होतं. घूंऽऽऽऽ... लय हळू, लय खालून. कानाले कमी अन् पोटाले जास्त.

डोक्यात आजा उठून बसला. पहिले पाणी थरथरते.

मी स्वतःले म्हटलं, सुधाकर, तू भित्रा आहेस, हा भास आहे. भांडी बोलली तंच खरं समजाचं. अन् तेवढ्यात घरातून, फडताळातून, साऱ्या ताटवाट्या एकदम, खणणणणण!

भांडी बोलली!

तुम्ही म्हणसान, अबे लेका, डब्बा तूच लावला होता ना आत? हो! मीच लावला होता! पण माह्या हिशेबानं डब्ब्याचं काम टूं टूं करून संपलं होतं. सबवूफरची बारी शेवटी असते, हे मले कोणी सांगितलं? अन् खरं सांगू? त्या वेळेस डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. एकच गोष्ट. मी पाळ सोडून उतरलो अन् पाळ गेली! आज्यानं गाव वाचवलं अन् नातवानं बुडवलं!

रेखाले हाक माराले तोंड उघडलं तं नुसतं ‘रे रे रे’ निघालं. पण हात? हात आज्याचे निघाले हो. हातांनी थाळी उचलली अन् बडवाले लागले. पहिल्या ठोक्याले माह्याच अंगावर काटा आला. त्या थाळीचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ढाण्! ढाण्! ढाण्! मी रस्त्यानं बडवत पळालो.

“पाळ गेली! पळा! पाळ गेली!”

अन् गाव पळालं. एकाही माणसानं विचारलं नाही की काय झालं, कुठं झालं. दारं उघडी टाकून, चुली पेटत्या सोडून सारे निघाले. कोणाच्या कडेवर पोरगं, कोणाच्या कडेवर कोंबडी. एका बहाद्दरानं डोक्यावर कूलर उचलून आणला अन् सासू घरी विसरला. पुन्हा माघारी गेला बिचारा, कूलर घेऊनच.

टेकडीवरच्या शाळेत पोहोचलो तं मोठी माय साऱ्यांच्या पुढं. रेखाचा हात तिनं असा गच्च धरला होता, की रेखाची बांगडी फुटली होती.

“मी ही थाळी आइकली होती,” मोठी माय एकसारखी म्हणून राहिली होती. “लगन होऊन आलती तेव्हा आइकली होती. पुन्हा नोको आइकाले म्हणत होती मी. पुन्हा नोको म्हणत होती.”

मले तिच्याकडं पाहवेना. मी तिच्या बाजूले बसलो अन् खरं सांगतो, मीही रडाले लागलो. गाव जाऊन राहिलं होतं ना माह्यापायी!

तेवढ्यात रेखा म्हणे, “घरात कोणी राहिलं नाही ना?”

अन् माह्या तोंडातून निघालं, “डब्बा!”

“काय?”

“नवा डब्बा, रेखा! खाली हाये! बुडन तो!” मी उठून पळालोच असतो. तिनं सदऱ्याले धरून खाली बसवलं.

“मी जिती हावो का पाहाच्या आधी तुमाले डब्बा सुचून राहिला?” असं म्हणून तिनं जे पाहिलं ना माह्याकडं, त्यापेक्षा पाळ फुटलेली बरी.

आता आले गणपतभाऊ. सोसायटीचे अध्यक्ष. दाढी करता करता उठले होते, म्हणून एक गाल साफ अन् दुसऱ्यावर साबणाचा फेस.

“सुधाकर, पाळ कुठून गेली?”

“माह्या घरामांगून.”

“डोळ्यानं पाहिली?”

“पाणी थरथरलं, भाऊ. भांडी बोलली. आजा सांगे ना...”

“ते ठीक. पण पाणी कुठं हाये?”

साऱ्यांनी खाली पाहिलं. खाली गाव जसंच्या तसं. गल्ल्यांत नेहमीचा चिखल. चुलींचा धूर सरळ वर जाऊन राहिला होता. अन् पाळीवर, जिथं मी बसलो होतो बरोबर तिथं, माह्या छत्रीच्या बाजूले एक बगळा निवांत उभा.

“येऊन राहिलं असन,” मी म्हटलं.

“कुठून येऊन राहिलं असन? तुह्या घरून इथं येयाले त्याले एसटी लागते का?”

कोणी हसलं नाही. भीती अजून गेली नव्हती. गणपतभाऊनं चार माणसं घेतली अन् मले पुढं घातलं. “चाल. दाखव.”

मित्रहो, उतरताना एकेक पाऊल माहं मणामणाचं झालं होतं. पाळ फुटली असली तं मी मेलो. अन् नसली फुटली तं? तं त्याहून मेलो! मी मनात म्हणत होतो, देवा, थोडीशी तरी भेग दाखव. इतका नालायक विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

पाळ वरून पाहिली. धड. खालून पाहिली. धड. गणपतभाऊनं काठी खुपसून पाहिली. दगडासारखी घट्ट. शेवटी आम्ही माह्या पडवीत आलो, गुंडापाशी. पाणी शांत. गणपतभाऊनं त्याच्यात स्वतःचं तोंड पाहिलं अन् मंग माह्याकडं पाहिलं.

अन् त्याच क्षणी... घूंऽऽऽऽ!

पाणी थरथरलं! भांडी बोलली! दोन माणसं तं शाळेकडं परत पळाली. खुद्द गणपतभाऊनं माहा दंड पकडला, नखं रुतेस्तोवर. फेसातला गालही पांढरा अन् साफ गालही पांढरा.

“पाहा!” मी ओरडलो. “मी खोटं बोललो का? पाहा!”

गणपतभाऊनं हळूच हात पुढं केला अन् माह्या घराच्या भिंतीवर टेकवला. डोळे मिटून घेतले. मंग उघडले.

“सुधाकर,” ते म्हणे, “पाळ नाही. तुहं घर गुरगुरून राहिलं.”

कडी काढली, आत गेलो. आत काय? माह्या खुर्चीवर तांदळाचा पिपा, पिप्यावर पाट, पाटावर माईक, अन् कोपऱ्यातला सबवूफर पोटातून हुंकार देऊन राहिला. वर टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं होतं.

“वाच,” गणपतभाऊ म्हणे.

“इंग्रजीत हाये.”

“म्हणून तं तुले वाच म्हणून राहिलो.”

मी वाचलं. “बाहेरचा आवाज फार येत आहे. मोजणी पुन्हा करत आहोत. कृपया शांत राहा.”

माही थाळी त्या डब्ब्यानं ऐकली होती हो! गाव पळालं ते ऐकलं होतं, अन् सारं थांबेस्तोवर इमानदारीनं बसून राहिला होता. गाव रिकामं झालं, चिटपाखरू नाही. त्याले पाहिजे तशी शांतता मिळाली, अन् त्यानं काम पुन्हा सुरू केलं.

वाटलं, आता गणपतभाऊ हसतील अन् मी सुटेन. ते हसले नाहीत. गालाचा फेस पुसला अन् खाली बसले.

“उद्या पाळ खरंच गेली अन् तू थाळी वाजवली, अन् लोक म्हणाले, असन सुधाकरचा डब्बा... तं?”

खरी भीती मले तेव्हा वाटली. गुंडापाशी वाटली ती काहीच नव्हती. आज्याची थाळी एकदाच वाजली होती अन् गावानं ती जपून ठेवली होती. मी ती एका डब्ब्यापायी वाजवली.

मंग टेकडीवर परत गेलो अन् सोसायटीची बैठक शाळेच्या ओट्यावरच झाली. मी खाली मान घालून बसलो. कोणी म्हणे, याची बारीच बंद करा. कोणी म्हणे, डब्बा तलावात टाका. कूलरवाला सर्वांत जास्त चिडला होता, कारण त्याची सासू बाजूलेच बसली होती.

शेवटी रेखाचा हात सोडून मोठी माय उठली.

“गाव पळालं ना?” ती म्हणे. “मले वाटे, आता कोणी पळणार नाही. आताचे लोक मोबाईलात राहतात, थाळी कोण आइकते? पळालं ना सारं गाव? मंग थाळी जिती हाये. या पोराले फक्त एकट्याले तिच्यापाशी ठेवू नका.”

असा ठराव झाला. सुधाकरची बारी राहीन, पण थाळी मोठ्या मायपाशी. तिनं हो म्हटलं तंच वाजन. अन् दुसरा ठराव, थाळी वाजवाच्या आधी माह्या घरचा मेन स्विच पाडून पाहाचा. गावाच्या संरक्षणाच्या नियमात माह्या घराचं नाव लागलं. आज्याचंही लागलं नव्हतं!

म्हणसान, डब्ब्याचं काय झालं? डब्बा एक नंबर निघाला! मोजणी इतकी पक्की झाली, की आवाज कसा खोलीत फिरते! ज्या डब्ब्यानं पळवलं तो पाहाले सारं गाव लोटलं. आता दर रविवारी दुपारी माह्या घरी पिक्चर. गणपतभाऊ येतात, कूलरवाला सासूले घेऊन येते. अन् माही ती खुर्ची, जिथं माईक ठेवला होता, जिथं सर्वांत गोड आवाज येते, तिथं मोठी माय बसते. मांडीवर थाळी.

अन् मी? मी कुठं राहीन? मी मांगच्या पडवीत, गुंडापाशी. पिक्चरमध्ये ढग गडगडले की इकडं पाणी थरथरते. भांडी बोलतात. आता हे डब्ब्याचं का पाळीचं, कसं ओळखाचं? सांगा ना! मले तं नाही ओळखू येत. इतक्या हौसेनं घेतलेला डब्बा, पण त्याच्यावर एक पिक्चर मी अजून बसून पाहिला नाही.

परवाच्या रविवारी तं इतकं थरथरलं, इतकं थरथरलं, की माह्यानं राहवलं नाही. धावत आत गेलो. अंधारात सारं गाव तोंड उघडं टाकून बसलं होतं.

“मोठे माय,” मी म्हटलं, “पाणी थरथरून राहिलं वो! थाळी दे!”

तिनं टीव्हीवरची नजरही काढली नाही.

“शऽऽ,” ती म्हणे. “आवाज नोको करू गा, सुधाकर.”